ऑडिशनला आत गेल्यावर तुमचं लक्ष कुठे असतं?

तिसरी_घंटा

राज्य नाट्य स्पर्धेच्या धाग्यावर दोघातिघांनी विचारलं होतं की ऑडिशनबद्दल सविस्तर लिहा, तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतेय. लांबलंय, सवडीने वाचा.

आधी मी कुठून बोलतेय ते सांगते. मी नाशिकचीच, कॉलेजात एकांकिका केल्या, मग हौशी राज्य नाट्य, इथल्या कालिदास आणि प. सा. नाट्यगृहांत बऱ्यापैकी उभी राहिलेय. नंतर काही वर्षं मुंबईत कास्टिंगवाल्यांकडे नोकरी केली आणि तिथे माझं मुख्य काम होतं क्यू द्यायचं. म्हणजे कॅमेऱ्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचं आणि जो कोणी ऑडिशन देतोय त्याला समोरच्या पात्राची वाक्यं वाचून द्यायची. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तोच सीन, तीच वाक्यं, माणसं मात्र बदलत राहतात. आता परत नाशकात आहे आणि ओळखीतल्या मुलामुलींच्या सेल्फ टेप, म्हणजे स्वतःच रेकॉर्ड करून पाठवायच्या ऑडिशन, शूट करून देते.

नाशिकच्या नटाची तयारी चांगली असते हे मी मनापासून सांगते. उच्चार स्वच्छ, पाठांतर पक्कं, आवाज लागलेला. पण ती सगळी तयारी नाटकाची. महिना दीड महिना तालीम झालेली असते, दिग्दर्शक रोज सांगत असतो, समोरचा नट इतका ओळखीचा की तो कुठे थांबणार ते पण आपल्याला माहीत, मेकअप झालाय, घंटा झालीय, विंगेत अंधारात उभे आहात आणि मग एन्ट्री. हे सगळं मिळून तुमचं मन त्या जागेवर नेऊन सोडतं, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. ऑडिशनला यातलं काहीच नसतं. आदल्या संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर दीड पान येतं, मालिकेचं नाव सांगत नाहीत, बऱ्याचदा पात्राचं नावसुद्धा बदललेलं असतं, मागचं पुढचं काही माहीत नाही, खोलीत एक साधा पडदा, दोन लाइट, कॅमेऱ्यामागे एक जण आणि माझ्यासारखी कागदात बघून वाचणारी एक बाई. आणि लगेच "हां, करा सुरू". मन तिथे न्यायचं काम पूर्णपणे तुमच्या एकट्यावर येतं आणि ह्याचा सराव आपल्याकडे कुणी करून घेत नाही.

क्यू देताना मला एक गोष्ट फार स्पष्ट दिसायची, ती म्हणजे समोरच्याचं लक्ष आत्ता कुठे आहे. डोळ्यांत दिसतं. काही जणांचं लक्ष कॅमेऱ्यामागच्या माणसाच्या चेहऱ्यावर, त्याला आवडतंय का, तो फोन का बघतोय. काहींचं स्वतःवर, हात कुठे ठेवू, केस नीट आहेत ना, मघाचं वाक्य सपाट गेलं का. आणि बऱ्याच जणांचं पुढच्या वाक्यावर, मी बोलत असते तेव्हा त्यांच्या डोक्यात त्यांची पुढची ओळ फिरत असते, मी थांबले की लगेच टाकायची. मी काय बोलतेय ह्याच्याकडे लक्ष असणारी माणसं फार थोडी. पण ती आली की खोलीत फरक पडायचा. मी दिवसभर तेच वाचून कंटाळलेली असायचे, तरी समोरचा खरंच ऐकतोय म्हटल्यावर माझं वाचणंसुद्धा आपोआप सुधारायचं, कॅमेरावाला फोन खाली ठेवायचा. निवड व्हायची की नाही ते वेगळं, त्याच्याबद्दल खाली लिहिते. पण टेप बघताना लोक थांबायचे ते ह्यांच्याच टेपवर.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की ऑडिशनला आत जाताना "मला हे काम मिळायला हवं" हे डोक्यात असेल तर लक्ष पहिल्या तीन ठिकाणीच जाणार, दुसरीकडे जाऊच शकत नाही, कारण काम देणारा तो कॅमेऱ्यामागचा माणूस आहे असं तुम्ही ठरवून टाकलंत. त्याऐवजी पात्राला समोरच्याकडून काय हवंय ते डोक्यात असलं की लक्ष समोरच्यावर जातं. मोठ्याने "लक्ष दे, लक्ष दे" म्हणून काही होत नाही, लक्षाला काहीतरी काम द्यावं लागतं.

आता हे करायचं कसं, मी मुलांकडून काय करून घेते ते सांगते. पान आलं की आधी स्वतःची वाक्यं पाठ करायला घेऊ नका, समोरच्याची वाक्यं वाचा, चार पाच वेळा. मग स्वतःला विचारा की मला ह्या माणसाकडून आत्ता काय काढून घ्यायचंय. उत्तर क्रियापदात हवं. "मी दुःखी आहे" हे उत्तर चालणार नाही, ते खेळता येत नाही, "ह्याला घराबाहेर जाण्यापासून थांबवायचंय" हे खेळता येतं. मग सीन सुरू व्हायच्या मिनिटभर आधी काय घडलंय ते ठरवा, पानावर नसेल तर तुम्ही ठरवा, कुणी विचारणार नाही. आणि सीनमध्ये पात्राला एखादी गोष्ट पहिल्यांदा कळते, ती जागा शोधा. मालिकेच्या ऑडिशनच्या पानात अशी जागा हमखास असते, तेवढ्यासाठीच तर तो सीन निवडलेला असतो.

पाठांतर मात्र कोरडं करा, भाव न घालता. भांडी घासताना, गोल्फ क्लब ग्राउंडवर चालताना, स्कूटर पुसताना. एका ठराविक सुरात पाठ केलं की तो सूर चिकटतो आणि समोरच्याने वेगळ्या पद्धतीने क्यू दिला की नट गडबडतो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय.

प्रवासाबद्दल. पहाटे उठून पंचवटी एक्सप्रेस पकडणार, सातच्या सुमारास नाशिकरोडहून निघून दहा साडेदहाला दादर, तिथून वेस्टर्नने अंधेरी, रिक्षा करून आराम नगर नाहीतर वीरा देसाई रोड. ह्या सगळ्यात डोकं दमतं. माझा नियम असा की इगतपुरीपर्यंत पान हातात ठेवायचं, इगतपुरी गेली की बॅगेत टाकायचं आणि काढायचंच नाही. पुढे घाट बघा, झोपा, गाणी ऐका. दादरपर्यंत घोकत राहिलेला माणूस आत येतो तेव्हा वाक्यं येतात पण माणूस शिळा झालेला असतो.

बाहेर बसल्यावर सगळ्यात अवघड. तुमच्याच वयाचे, तुमच्याच उंचीचे, जवळपास तसेच कपडे घातलेले दहा पंधरा जण तीच वाक्यं पुटपुटत असतात आणि दाराच्या आतून आधीच्याचा आवाज ऐकू येत असतो. तो ऐकू नका. तो चांगला करतोय असं वाटलं तर त्याची नक्कल तुमच्यात शिरते, वाईट करतोय वाटलं तर तुम्ही सैल पडता, दोन्हीत नुकसान तुमचंच. नाव लिहून झालं की सरळ बाहेर गल्लीत उभे राहा, फक्त बोलावणाऱ्याला सांगून जा.

आत गेल्यावर इंट्रो घेतात, नाव, वय, उंची, कुठे राहता, मग दोन्ही बाजूंचे प्रोफाइल, काही जण हात पण दाखवायला सांगतात. इथे लोक एकतर शाळेतल्यासारखं म्हणून टाकतात किंवा आत्ताच पात्रात शिरलेले असतात. इंट्रोत तुम्ही तुम्हीच असा. आणि "मुंबईत राहता का" हा प्रश्न येणारच, त्याचं उत्तर घरून ठरवून या. मालिकेचं शूट म्हणजे बारा बारा तासांची शिफ्ट, महिन्यातले बरेच दिवस, त्यामुळे ते विचारणार. "काम ठरलं तर राहायची सोय आहे" असं खरं असेल तर सांगा, नसेल तर सांगू नका, पण तिथे उभं राहून विचार करत बसलात तर सीन सुरू होईपर्यंत डोक्यात भाडं आणि डिपॉझिटच फिरत राहतं.

नजर माझ्यासारख्या क्यू देणाऱ्याकडे ठेवायची, लेन्समध्ये नाही, सांगितलं तरच लेन्समध्ये. आवाज कालिदासच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा नाहीये, माइक दोन हातांवर आहे. वाक्य विसरलात तर सॉरी म्हणून जीभ चावू नका, समोरच्याकडे बघत राहा, त्याच्याकडून जे हवंय ते अजून हवंच आहे ना, मग स्वतःच्या शब्दांत मागा. बहुतेक वेळा वाक्य परत येतं, आणि नाही आलं तरी ती टेप सॉरीवाल्या टेपपेक्षा बघण्यासारखी असते.

दुसरा टेक मागितला आणि काहीतरी बदल सांगितला तर तो अपमान नाहीये. रस नसला की "थँक यू, कळवतो" म्हणून मोकळे होतात. बदल सांगतात तेव्हा हा माणूस सांगितलेलं घेतो का ते बघायचं असतं, त्यामुळे ऐका नीट, आणि खरंच वेगळं करा, तेच जरा जोरात करू नका.

बाकी प्रतिसादांत बोलू.

सातपूरकर

ताई जबरदस्त लिहिलंय, वाखुसा (वाचनखूण साठवली). मी एमआयडीसीत कंपनीत आहे, शिफ्ट ड्युटी, हौशी नाटक करतो, दोन मालिकांसाठी टेप पाठवल्या होत्या. तुमचं ते लक्षाला काम द्यायचं मला एकदम पटलं कारण सीएनसी मशीनवर सेटिंग करताना आमचं पण तसंच होतं, सुपरवायझर मागे उभा आहे हे डोक्यात आलं की हात चुकतो आणि पीसवर नजर असली की मागे कोण आहे ते कळत पण नाही.

प्रश्न असा की नाइट शिफ्ट करून आल्यावर टेप पाठवायची असेल तर काय करायचं, कारण मेसेज येतो "आज चारपर्यंत पाठवा". आणि घरी क्यू द्यायला बायको असते, ती वाचते छान पण तिला हसू येतं मग मला पण येतं.

प्रॉम्प्टर

लेख चांगला आहे. पण मुली, एका बाबतीत माझं वेगळं मत आहे आणि ते स्पष्ट मांडतो, राग मानू नकोस.

मी या गावात अनेक वर्षं नाटक केलं आहे, कानेटकरांचं आणि तात्यासाहेब शिरवाडकरांचं गाव आहे हे, इथे नाटक म्हणजे आधी भाषा. आजकालची मुलं मन, एकाग्रता, माइंडसेट यावर तासन् तास बोलतात आणि "क्षितिज" शब्द धड उच्चारता येत नाही. एकाग्रता ही तालमीतून येते, वेगळी कमवावी लागत नाही. वाक्य हाडात मुरलं की लक्ष आपोआप मोकळं होतं. आणि तू म्हणतेस त्यात नवीन काही नाही, रशियन दिग्दर्शक स्टॅनिस्लावस्कीने लक्षाची वर्तुळं सांगून ठेवली आहेत. आधी लहान वर्तुळ, म्हणजे तुझ्या हातातली वस्तू, मग मधलं, म्हणजे समोरचा माणूस आणि आजूबाजूचं सामान, मग मोठं, अख्खा रंगमंच. मोठं वर्तुळ सुटायला लागलं की लहानात परत यायचं. आमच्या दिग्दर्शकांनी आम्हाला हे न सांगता करून घेतलं, एका पेल्याकडे बघत पाच मिनिटं बसवायचे आणि मग उठवून प्रवेश करायला लावायचे.

दीड पानावर माणसाची परीक्षा होत नाही हे माझं ठाम मत आहे.

तिसरी_घंटा

काका, राग कसला, तुमच्यासारख्यांनी लिहावं म्हणून तर धागा काढला. भाषेबद्दल शंभर टक्के मान्य. आणि वर्तुळांचं तुम्ही इतकं नेमकं सांगितलंत की मी ते वर लिहायला हवं होतं असं वाटलं, ऑडिशनच्या खोलीत तर ते तंतोतंत लागू पडतं. खोली हे मोठं वर्तुळ, मी हे मधलं, आणि हातातलं पान किंवा स्वतःची ओढणी हे लहान. कुणी मध्येच दार उघडून आत आलं तर लहानात परत यायचं.

पण तालमीतून आपोआप येतं ह्याच्याशी सहमत नाही. तालमीतून येतं ते त्या नाटकापुरतं, त्या सहनटांपुरतं येतं. राज्य नाट्यमध्ये बक्षीस घेतलेली माणसं माझ्यासमोर अनोळखी खोलीत थिजलेली मी पाहिलीत आणि ती वाईट नट नव्हती, कधीच नव्हती. तालमीला महिना मिळतो तेव्हा लक्ष हळूहळू बसतं, इथे ते वीस सेकंदांत बसवायचंय, तो वेगळा सराव आहे आणि तो करता येतो. दीड पानावर परीक्षा होऊ नये हे मला पण वाटतं, पण आपल्या मुलांना ती द्यावीच लागतेय तर त्यांना कोरं पाठवायचं का?

@सातपूरकर, नाइट करून आलात तर आधी दीड दोन तास झोपा, मग टेप. झोप न घेता केलेल्या टेपमध्ये डोळे दिसतात, मेकअपने लपत नाही. चारची वेळ असली तरी दुपारी साडेतीनला पोचलेली टेप आणि सकाळी अकराला पोचलेली टेप ह्यात फार फरक नसतो. वहिनींना हसू येतं कारण त्या तुमच्याकडे बघतात. त्यांना फोनच्या अगदी शेजारी बसवा, पान डोळ्यांसमोर धरायला सांगा आणि आवाज बारीक ठेवायला सांगा, माइक त्यांच्याजवळ असतो त्यामुळे त्यांचाच आवाज मोठा येतो. फोन आडवा, छातीपासून वर फ्रेम, खिडकीकडे तोंड, पंखा बंद. आणि टेक कितीही घेत बसू नका, तिसऱ्या चौथ्यानंतर माणूस स्वतःची टेप बघून स्वतःची नक्कल करायला लागतो.

शांत_पाणी

मी समुपदेशक आहे, नाटकातली नाही, पण परीक्षा, मुलाखत, स्पर्धा ह्यांची भीती घेऊन येणारी मुलं रोज भेटतात म्हणून लिहिते.

धडधड होणं, हात गार पडणं, तोंड कोरडं पडणं ह्याला लोक "माझी एकाग्रता गेली" समजतात. शरीर फक्त जोर जमवतंय. उत्साहात आणि भीतीत शरीर जवळजवळ सारखंच वागतं, फरक आपण त्याला काय म्हणतो ह्यात बराच असतो. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स ह्यांचा २०१४ चा अभ्यास आहे, लोकांना गाणं म्हणायला, भाषण करायला आणि गणितं सोडवायला लावली, त्याआधी ज्यांनी "मला उत्साह वाटतोय" असं स्वतःशी म्हटलं त्यांची कामगिरी स्वतःला शांत करायचा प्रयत्न करणाऱ्यांपेक्षा चांगली झाली. म्हणजे बाहेर बसून "शांत हो, शांत हो" करत राहणं फारसं उपयोगाचं नाही, धडधडणारं हृदय हुकमावर शांत होत नाही आणि होत नाही म्हणून आणखी भीती वाटते.

श्वासाचं मात्र करा. आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणं लांबवायचं, चार मोजत आत, सहा किंवा आठ मोजत बाहेर, दोन तीन मिनिटं. ऑडिशनच्या दिवशी पहिल्यांदा नाही, रोज रात्री झोपताना करत राहा म्हणजे त्या दिवशी शरीराला ओळखीचं असतं.

आणि एक गोष्ट गांभीर्याने सांगते. ऑडिशनच्या आदल्या रात्री उलट्या होणं, दम कोंडणं, हात बधिर होणं, महिना महिना झोप न लागणं असं असेल तर ह्या धाग्यातल्या टिपांवर भागवू नका, डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. ह्यात कमीपणा काही नाही.

गोदाकाठ

खूप उपयोगी धागा. माझी लेक बारावीत आहे, तिला अभिनयाचंच करायचंय. आम्ही घरचे विरोधात नाही पण माहिती काहीच नाही. गेल्या महिन्यात एका को-ऑर्डिनेटरचा फोन आला, म्हणाला ऑडिशन फिक्स करून देतो पण आधी नोंदणी आणि पोर्टफोलिओचे पैसे भरा, आकडा ऐकून मी गप्पच झाले. तेव्हापासून लेक म्हणतेय की आई तुझ्यामुळे चान्स गेला आणि अभ्यासात पण लक्ष नाही, नाटकात पण नाही. काय करावं?

तिसरी_घंटा

गोदाकाठ ताई, चान्स गेलेला नाही, पैसे वाचलेत. ऑडिशन द्यायला पैसे लागत नाहीत, कधीच नाही. को-ऑर्डिनेटर कमिशन घेतात ते काम मिळाल्यावर, मानधनातून. आधी मागणाऱ्याचा नंबर ब्लॉक करा. फोटो म्हणाल तर खिडकीच्या उजेडात साध्या कपड्यांत, मेकअप न करता फोनवर काढलेले चार फोटो पुरतात, समोरून, दोन्ही बाजूंनी आणि एक पूर्ण उंचीचा. आणि ऑडिशनला तिच्याबरोबर तुम्ही किंवा बाबा जा, आत नाही तरी दाराबाहेर बसा, त्याला कुणी नाही म्हणत असेल तर तिथून परत या.

लेकीला हे वाचायला द्या. मोठ्या रकमा भरून जी मुलं येतात त्यांच्या खांद्यावर ते पैसे बसलेले असतात, ती समोरच्या पात्राकडे बघूच शकत नाहीत. बिनधास्तपणे बारावी होऊ द्या, तोवर कॉलेजच्या एकांकिकेत उभी राहू दे, बॅकस्टेजला का होईना.

रिकामी_विंग

मला ह्या सगळ्यात नंतरचं बोलायचंय. आत काय करायचं ते आता मला जमतं. माझी निवड होत होत गेली, ऑडिशन झाली, परत बोलावलं, लूक टेस्ट झाली, मॉक शूट म्हणजे चाचणीचं शूट झालं, "तुम्ही लॉक आहात समजा" म्हणाले, घरी सांगितलं, घरच्यांनी गल्लीत सांगितलं. मग शांतता. फोन नाही, मेसेजला उत्तर नाही. दीड महिन्याने प्रोमो लागला तेव्हा त्या भूमिकेत दुसरीच मुलगी होती. त्यानंतर प्रत्येक ऑडिशनला आत जाताना ती मुलगी माझ्याबरोबर आत येते. काय करायचं ह्याचं?

तिसरी_घंटा

वाचून वाईट वाटलं गं. कळवायला हवं होतं त्यांनी, एक मेसेज टाकायला काही लागत नाही, आणि न कळवणं ही त्या धंद्यातली वाईट सवय आहे असंच मी तिथे असताना पण म्हणायचे.

पण पलीकडे काय चालतं ते तुला सांगते म्हणजे ती मुलगी जरा लहान होईल. तुझ्यासमोर जो बसलेला असतो तो ठरवतच नाही. तो टेप पुढे पाठवतो, मग प्रॉडक्शन बघतं, दिग्दर्शक बघतो, शेवटी चॅनल. हिरो आधी ठरलेला असतो आणि तो तुझ्यापेक्षा दोन इंच बुटका निघतो, गेलं. बहिणीच्या भूमिकेत जी घेतली ती तुझ्या शेजारी उभी केल्यावर आई दिसायला लागते, गेलं. तुझ्या चेहऱ्याची एक जण त्याच चॅनलच्या दुसऱ्या मालिकेत आहे, गेलं. कधी ती भूमिकाच मोठ्या वयाची करून टाकतात. ह्यातल्या कशाचाही तू त्या दोन मिनिटांत काय केलंस ह्याच्याशी संबंध नाही. मी स्वतः उत्तम टेप ह्या कारणांनी बाजूला पडताना पाहिल्यात आणि त्यातल्याच एखादीला वर्षभराने "ती अमुक मुलगी होती ना, तिला बोलवा" म्हणून दुसऱ्या कामासाठी बोलावलेलं पण पाहिलंय. टेप राहते.

म्हणून घरी सांगायचं ते करारावर सही झाल्यावर. "लॉक" हा बोलायचा शब्द आहे. आणि ऑडिशनहून बाहेर पडलीस की त्या दिवसाचं दुसरं काहीतरी ठरलेलं असू दे, मैत्रिणीकडे जाणं, पुस्तकांची खरेदी, काहीही, परतीच्या गाडीत तो सीन पुन्हा पुन्हा करत बसायचं नाही. वहीत दोन ओळी लिही, आज लक्ष कुठे होतं आणि कुठे सुटलं. निकाल वहीत लिहायचाच नाही.

कसारा_घाट

+१ शेवटच्या परिच्छेदाला. अमेरिकन नट ब्रायन क्रॅन्स्टनने एका मुलाखतीत जवळपास हेच सांगितलंय, की नट काम मिळवायला म्हणून जातो तिथेच गडबड होते, भूमिका करून दाखवायची आणि निघून जायचं, पुढचं तुमच्या हातात नाही. त्याची ब्रेकिंग बॅड मालिका २००८ ला आली तेव्हा तो पन्नाशी ओलांडलेला होता.

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. मी एनएसडीचा (राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा) फॉर्म भरतोय, शिवाय पुण्याचं ललित कला केंद्र पण डोक्यात आहे. तिथे पण हेच लागू का?

प्रॉम्प्टर

याचं उत्तर मी देतो कारण आमच्या ग्रुपमधली मुलं गेलेली आहेत. एनएसडीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, पूर्ण वेळ, दिल्लीत. पहिल्या फेरीत तयार केलेले उतारे करून दाखवायचे असतात आणि त्यातून निवडलेल्यांना दिल्लीत काही दिवसांच्या कार्यशाळेला बोलावतात. त्या कार्यशाळेत तुमचं एकट्याचं सादरीकरण हा एक भाग झाला, बाकी वेळ तुम्ही गटात कसे वागता, दुसऱ्याचं काम चालू असताना बघता की भिंतीला टेकून बसता, हालचालींच्या सत्रात घाम गाळता की नाही, हे सगळं दिसत असतं. शाळेला तयार नट नको असतो, शिकणारा हवा असतो. म्हणून उतारा घासून घासून गुळगुळीत करून नेऊ नकोस, परीक्षक मध्येच थांबवून "हेच आता पाणी आणायला निघालेल्या माणसासारखं कर" म्हणाले तर करता आलं पाहिजे. आणि वाच. नाटकं वाच. सावानात, म्हणजे सार्वजनिक वाचनालयात, बसून वाच, १८४० सालचं वाचनालय आहे आपलं, गावात असून आत पाऊल न टाकलेली नाटकवाली मुलं बघितली की मला खरोखर त्रास होतो.

आणि मुली, तुझं वरचं उत्तर दोनदा वाचलं. तो सराव करता येतो म्हणतेस तर कसा ते सांग. आमच्या ग्रुपमधल्या पोरांना करून घ्यायचा आहे.

तिसरी_घंटा

काका, हे तुम्ही विचारलंत ह्याचा फार आनंद झाला. आम्ही असं करतो. चार पाच जण जमतो, प्रत्येक जण एक पान आणतो जे बाकीच्यांनी पाहिलेलं नाही. चिठ्ठी टाकून पान वाटायचं, पंधरा मिनिटं वाचायला, मग आत बोलवायचं. क्यू देणारा मुद्दाम दर वेळी वेगळा, कधी एकदम सपाट वाचतो, कधी घाईत, कधी मध्येच खोकतो. कॅमेरा म्हणून फोन. बघणाऱ्यांनी अभिनय कसा झाला ह्यावर एक शब्द बोलायचा नाही, फक्त लक्ष कुठे कुठे गेलं ते सांगायचं, "तिसऱ्या वाक्याला तू फोनकडे पाहिलंस" एवढंच. आणि प्रत्येकाने क्यू द्यायची पाळी घ्यायचीच. ती खुर्ची फार शिकवते, समोरचा आपल्याला ऐकत नाहीये हे पोटात कळतं.

तुम्ही आलात आणि उच्चारांकडे कान ठेवलात तर आमचं मोठं काम होईल. येत्या रविवारी सकाळी आठला गोल्फ क्लब ग्राउंडच्या गेटपाशी जमतोय, तिथून जवळच एकाच्या घरी गच्ची आहे.

प्रॉम्प्टर

येतो. पानं मराठीच आणा.

गोदाकाठ

लेकीला आणलं तर चालेल का? मी पण थांबेन.

तिसरी_घंटा

नक्की आणा ताई, आणि तुम्ही नुसत्या थांबू नका, एक क्यू तुम्ही द्यायचा.

सातपूरकर

माझी सेकंड शिफ्ट आहे, दुपारी एकपर्यंत मोकळा आहे. बायकोला घेऊन येतोय, ती म्हणाली फोनच्या शेजारी बसून पान धरून बघितलं, हसू नाही आलं. प्रत्येकाने पानाच्या दोन प्रिंट आणा, गेल्या वेळी आमच्या ग्रुपमध्ये एकाच कागदात दोघं डोकावत होते.